मागच्या चाकाची रुंदी

मोटरसायकलवर पूर्ण ताडपत्री टाकलेली असली आणि मागचं चाक तेवढं बाहेर दिसत असलं, तरी गाडी कोणत्या काळातली हे मी सांगू शकते. टायरच्या कडेवरचे आकडे वाचले की झालं. ३.२५-१९ म्हणजे जुनी बुलेट. २.७५-१८ म्हणजे पेट्रोल वाचवणाऱ्या शंभर सीसींचा काळ. १००/९०-१८ ही सीबीझेड आणि पल्सरची पिढी. १४०/६०-१७ दिसलं तर इथली गाडी २००८ च्या आधीची नाहीच. आणि १८०/५५ किंवा १९०/५० असेल, तर मालक लवकरच आमच्या काउंटरवर येणार, किंमत ऐकून आधी गप्प होणार आणि मग विचारणार, "काकू, एकशेऐंशीच्या जागी एकशेनव्वद बसेल का? आणि कंपनी कुठली घेऊ?"

नाना पेठेतलं हे दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मी आधी हिशेबाच्या वह्या लिहायला यायचे, मग काउंटरवर बसायला लागले ती कायमचीच. लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्या, ज्यांना हल्लीची मुलं स्पोर्ट टूरर म्हणतात, त्यांचे मालक साधारण पावसाळ्याच्या तोंडावर नाहीतर दिवाळीच्या सुट्टीआधी येतात. त्यांच्या प्रश्नाचं काउंटरवरचं उत्तर दोन वाक्यांत होतं. पण हा प्रश्न मुळात विचारता येऊ लागला कधीपासून, ही हकिगत दोन वाक्यांत मावत नाही.

अण्णांच्या काळात रुंदी निवडायची पद्धतच नव्हती. बुलेटला पुढे ३.२५-१९ आणि मागेही तेच. मैसूरच्या आयडियल जावाला दोन्हीकडे ३.२५-१६. बजाजच्या स्कूटरला ३.५०-१० पुढे, ३.५०-१० मागे आणि तिसरा स्टेपनीला, म्हणजे तिन्ही टायर अदलाबदल करून चालवायची सोय. मागचा लवकर झिजतो म्हणून तो पुढे घालायचा, स्टेपनी मागे आणायची, अशी फिरवाफिरव दर काही महिन्यांनी चालायची. या जुन्या आकड्यांमध्ये रुंदी इंचात लिहिलेली असते आणि उंची जवळपास रुंदीइतकीच, म्हणून ती वेगळी लिहीतच नसत. टायर कापून पाहिला तर गोल नळी.

कंपनीचंही तसंच. निवडायची ती कंपनी नव्हे, मिळेल ती कंपनी. पश्चिम बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ सालचा. मुंबईत शिवडीला फायरस्टोन होती. १९५८ मध्ये सीएट मुंबईत उभी राहिली आणि भांडुपला तिचा कारखाना झाला. मद्रासला मम्मेन माप्पिल्लै यांनी १९४६ मध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यापासून सुरुवात केली होती, त्यांची एमआरएफ १९६१ मध्ये अमेरिकेतल्या मॅन्सफील्डच्या मदतीने टायरमध्ये उतरली. नावं चार, पण आमच्या मांडणीवर एका वेळी एखाददुसरंच असायचं. गिऱ्हाईक यायचं आणि "टायर आहे का?" विचारायचं. "कुठला आहे?" हा प्रश्न पुढच्या पिढीचा. टायर घासून नक्षी गेली की बरेच जण नवा घेण्याऐवजी रिमोल्ड करून आणायचे. आज मोटरसायकलला कुणी रिमोल्ड लावला तर मी त्याला दुकानातून हाकलून देईन, पण तेव्हा त्या गाड्यांचा वेगच असा होता की निभावून जायचं.

आमच्याकडे हे चाललं होतं तेव्हा बाहेर काय चाललं होतं, हे मला अण्णांच्या जुन्या इंग्रजी मासिकांतून कळलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती चाळायची सवय लागली आणि मग सुटली नाही.

१९६९ सालची होंडा सीबी ७५० घ्या. चार सिलिंडर, ६७ हॉर्सपॉवर, आणि मागचा टायर ४.००-१८. फक्त चार इंच. १९७२ ची कावासाकी झेड-वन ८२ हॉर्सपॉवरची, तिलाही मागे चारच इंच. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस काढली. वाऱ्याच्या बोगद्यात तपासून बेतलेलं पूर्ण फेअरिंग घालून विकलेली ती पहिली मोठी गाडी, आणि दिवसभर वेगात बसून राहता येईल अशा मोटरसायकलींची, म्हणजे आजच्या स्पोर्ट टूररची, आजी म्हणावी अशी. सत्तर हॉर्सपॉवर आणि मागे तेच ४.००-१८. जर्मनीच्या मोकळ्या महामार्गांवर माणसं सामान बांधून, मागे बायकोला बसवून, या चार इंचांवर धावत होती. हे मी एकशेनव्वदवाल्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना खोटं वाटतं.

तेव्हा टायर अरुंद होते ते मुख्यतः रबर आणि कापड यांच्या मर्यादेमुळे. टायरच्या आत कापडाच्या दोऱ्यांचे थर असतात. आधी सुती, मग रेयॉन, मग नायलॉन. ते एकमेकांना तिरके छेद देत घातलेले असत. अशा टायरला वेग आला की दोन गोष्टी होतात. थर एकमेकांवर घासून तापतात, आणि चाकाच्या गरगरण्याने टायर बाहेरच्या दिशेने फुगतो, मधून उंच होतो. रुंद आणि बसका टायर या पद्धतीने केला तर तो अतिवेगात आपला आकारच टिकवत नाही. त्यामुळे सुधारणा झाली ती आधी आकारात. डनलॉपने के-८१ नावाचा टायर काढला. त्याचा छेद गोलाऐवजी किंचित त्रिकोणी होता, म्हणजे गाडी वाकवली की बाजूला जास्त रबर रस्त्याला लागायचं. १९६९ मध्ये आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत माल्कम अपहिल याने ट्रायम्फ बॉनव्हिलवर, दुकानात मिळणाऱ्या जातीच्या मोटरसायकलवर, तासाला शंभर मैलांहून अधिक सरासरीची फेरी मारली. त्यानंतर या टायरचं नावच टीटी-१०० झालं. त्याची मापं ४.१०-१८ आणि ४.१०-१९ अशी. चार इंचांवरून चार पूर्णांक एक दशांश. रुंदी तेव्हा अशी दशांशाने सरकत होती.

सत्तरच्या दशकात इंजिनं टायरच्या पुढे निघून गेली. १९७५ मध्ये डेटोनाला सराव करताना बॅरी शीन ताशी पावणेदोनशे मैलांच्या आसपास असताना त्याचा मागचा टायर दगा देऊन गेला. त्याच्या मोडलेल्या हाडांची छायाचित्रं जगभर छापली गेली आणि तरी तो काही आठवड्यांत पुन्हा शर्यतीत उतरला. मला त्यात त्याच्या शौर्यापेक्षा टायरची अडचण जास्त दिसते. ती सुटली रेडियलने. मोटारींमध्ये रेडियल टायर मिशेलिनने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आणला होता. पण मोटरसायकल वाकते, तिच्या टायरच्या कडा मोटारीसारख्या लवचीक ठेवून चालत नाही, म्हणून इकडे तो यायला १९८० चं दशक उजाडलं. पिरेलीचा एमपी-७ हा १९८३ चा. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पट्टा बसतो. टायर कमी तापतो, कमी फुगतो, आणि म्हणून त्याला रुंद आणि बुटका करता येतो.

मग जे झालं ते पंधरा वर्षांच्या आत झालं. १९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० ला मागे १४०/७०-१८ होता. १९८८ मध्ये तिच्याच पुढच्या आवृत्तीला सतरा इंची रिमवर १६०/६०. १९९२ च्या होंडा सीबीआर ९०० आरआरला १८०/५५-१७. १९९८ च्या यामाहा आर-वनला १९०/५०-१७ आणि पुढच्याच वर्षी हायाबुसालाही तोच. शर्यतीच्या गाड्यांमागून लांब पल्ल्याच्या गाड्या गेल्या. होंडाची एसटी ११००, सामानाच्या पेट्या अंगावरच घेऊन आलेली, १९९० मध्ये १६०/७०-१७ वर समाधानी होती. त्याच साली व्हीएफआर ७५० ला १७०/६०-१७ मिळाला आणि १९९८ च्या व्हीएफआर ८०० ला १८०/५५-१७. तेव्हापासून १८०/५५ हे स्पोर्ट टूररचं ठरलेलं माप होऊन बसलं. ते निसर्गनियमाने ठरलेलं नाही. नव्वदच्या दशकातल्या शर्यतीच्या गाड्यांना ते होतं, त्या मापात सगळ्या कंपन्या टायर करत होत्या, म्हणून टूरर बनवणाऱ्यांनीही तेच उचललं. जास्त कंपन्या म्हणजे जास्त पर्याय, जास्त पर्याय म्हणजे पुन्हा तेच माप.

आता आपल्याकडे. इथे क्रम उलटा लागला.

हीरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा लोक अधिक रुंद नव्हे, अधिक बारीक टायरकडे वळले. चाक हलकं, रबर कमी, घर्षण कमी, लिटरमागे किलोमीटर जास्त. ऐंशीच्या दशकात एमआरएफचा नायलोग्रिप घरोघरी गेला आणि दुचाकीच्या टायरचीही जाहिरात करता येते हे दिसलं. १९९९ मध्ये सीबीझेड आणि २००१ मध्ये पल्सर, दोघींना मागे १००/९०-१८. मिलिमीटरचे आकडे आमच्या मांडणीवर तेव्हापासून रुळले. पहिला आकडा रुंदी, दुसरा आकडा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचा व्यास इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. ही भेसळ कुणी सुधारेल असं मला वाटत नाही.

मग २००८. त्या वर्षी यामाहाने दोन गाड्या आणल्या आणि दोघींनी मिळून आमचा धंदा बदलला. एक आर-१५, शर्यतीची नजर ठेवून केलेली. तिला मागे १००/८०-१७. दुसरी एफझेड-१६, शहरात मिरवायची, इंजिन १४ हॉर्सपॉवरचं, आणि मागे १४०/६०-१७ रेडियल. साडेपाच इंच! जिथे ८२ हॉर्सपॉवरच्या झेड-वनला चार इंच पुरले तिथे चौदाला साडेपाच. गंमत अशी की वळणावर पळवायची गाडी अरुंद आणि सिग्नलला उभी करायची गाडी रुंद, हे यामाहाच्या इंजिनिअरांनी अगदी बरोबर केलं होतं. पण गिऱ्हाइकाला ते पटेना. आर-१५ वाले मागून पाहिलं की लाजायचे. एकशेतीस बसवा, एकशेचाळीस बसवा, रिम बदला, काहीही करा, पण मागून भरलेली दिसली पाहिजे. शेवटी २०११ च्या आवृत्तीत कंपनीनेच तिला १३०/७०-१७ दिला. २०१२ मध्ये चाकणहून केटीएमची ड्यूक २०० निघाली, २५ हॉर्सपॉवर आणि मागे १५०/६०-१७. त्यानंतर "फॅट टायर" हा शब्द मुलांच्या तोंडी कायमचा बसला.

याच्या विरुद्धचं उदाहरणही द्यायला हवं. रॉयल एनफील्डची २०१८ ची इंटरसेप्टर ६५० ही ४७ हॉर्सपॉवरची आहे आणि मागे १३०/७०-१८ वर सुखाने फिरते. अरुंद वाटते अशी कुणाची तक्रार नाही, कारण ती जुन्या धाटणीची दिसावी अशीच बनवली आहे. रुंदी डोळ्याला हवी असते तेव्हा वाढते आणि डोळ्याला नको असते तेव्हा कमी चालते. अण्णांनी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, मग आधी रिम बघ.

आणि रिमच बघायची असते. प्रत्येक टायरला कंपनीने रिमच्या रुंदीची मर्यादा दिलेली असते. १८०/५५ साडेपाच इंची रिमसाठी केलेला, १९०/५० सहा इंची रिमवर नीट बसतो. साडेपाचवर एकशेनव्वद घातला तर कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो आणि कडेचं रबर, ज्यासाठी पैसे मोजले, ते रस्त्याला लागतच नाही. मागून मात्र छान दिसतो. शिवाय रुंद टायरवर गाडी वाकली की रस्त्याला टेकणारी जागा मधल्या रेषेपासून लांब सरकते, म्हणून तेच वळण त्याच वेगात घ्यायला गाडी जास्त वाकवावी लागते आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर न्यायला जोर जास्त लागतो. वरंधा घाटात दिवसभर हे केलेला माणूस संध्याकाळी खांदे चोळत बसतो आणि दोष हँडलला देतो.

उंचीचा हिशेब तर कागदावर करून दाखवते. १८० चे ५५ टक्के म्हणजे ९९ मिलिमीटर. १९० चे ५० टक्के ९५. म्हणजे रुंद टायर घालून गाडी मागून ४ मिलिमीटर खाली बसली आणि वळायला आणखी आळशी झाली. १९०/५५ घेतला तर १०४.५, म्हणजे मूळ १८० पेक्षा साडेपाच मिलिमीटर वर. गाडी वळायला चटपटीत होते, पण रिम सहाची लागते आणि मागचा हगर (चाकालगतचा मडगार्ड), चेन यांच्याशी जागा आहे का ते पाहावं लागतं. आमचे फिटर मामा त्यासाठी मोजपट्टी घेत नाहीत. चाक बसवून हाताने फिरवतात आणि टायर-चेनच्या फटीत करंगळी घालतात. वेगात टायर थोडा वाढतो, म्हणून करंगळी सहज फिरली पाहिजे. अडली तर टायर परत.

हे काम पाहण्यासारखं असतं. टायर आधी उन्हात ठेवतात, कडा मऊ व्हाव्यात म्हणून. रिमला साबणाचं पाणी. कडेवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना ते तपासायचं. पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हपाशी आणायचा, कारण ती टायरची सगळ्यात हलकी जागा. हवा भरताना एक कडा बसते तेव्हा फटाक्यासारखा आवाज होतो, दुसरी बसली की दुसरा. तोवर मामा टायरवर ओणवे होत नाहीत आणि दुसऱ्या कुणाला होऊ देत नाहीत.

राहिली कंपनी. परदेशी मोठ्या गाड्या इथे रीतसर मिळू लागल्या त्या २००७-०८ पासून. त्याआधी 'धूम' सिनेमाने २००४ मध्येच सुझुकीच्या मोठ्या गाड्या पोरांच्या डोळ्यांत भरवल्या होत्या. पुढे कावासाकीची जुळणी चाकणला होऊ लागली आणि निन्जा १००० सारख्या गाड्या, मागे १९०/५०, पुण्याच्या रस्त्यावर नेहमीच्या झाल्या. त्यांच्याबरोबर आलेली टायरची नावं मुलं हल्ली क्रिकेटपटूंच्या नावांसारखी घेतात. पण त्या नावांमागचं कूळ त्यांना ठाऊक नसतं. मेत्झेलर ही म्युनिकची १८६३ ची, पिरेली मिलानची १८७२ ची, आणि १९८६ पासून मेत्झेलरचा मोटरसायकल टायरचा धंदा पिरेलीकडेच आहे. दोन गिऱ्हाइकं माझ्यासमोर यांच्यापैकी कोण श्रेष्ठ यावर तावातावाने भांडतात, मी चहा मागवते. आज मिळणाऱ्या डनलॉपचा साहागंजच्या डनलॉपशी संबंध उरलेला नाही. आणि "इटालियनच पाहिजे" म्हणणाऱ्याला मी सांगते, सीएट पण मूळची इटालियनच, १९२४ मध्ये तोरिनोला निघालेली, आधी विजेच्या तारा करायची.

या कंपन्यांतला खरा फरक आहे तो रबरात. टूररचा टायर मधून झिजतो. पुणे-बेंगळुरू सरळ रस्त्यावर चारशे-पाचशे किलोमीटर रोज गेलं की मधला भाग सपाट होतो, टायर चौकोनी होतो आणि वळणावर गाडी पायरी उतरल्यासारखी खाली पडते. यावर उपाय म्हणून मधे कडक आणि कडेला मऊ अशी दोन रबरं एकाच टायरमध्ये घालायची युक्ती शर्यतीतून रस्त्यावर आली. मिशेलिनने २००५ मध्ये पायलट पॉवर टू-सीटीमध्ये ती विकायला आणली आणि दोन वर्षांनी पायलट रोड-२ मध्ये टूररसाठी. पायलट रोड-३ ला, २०११ मध्ये, पाणी कापायला बारीक चिरा आल्या. ताम्हिणीतल्या पावसात त्या चिरांची किंमत दहा मिलिमीटर रुंदीपेक्षा जास्त आहे, हे माझं मत. पिरेलीने २००९ च्या एंजेल एसटीच्या पुढच्या टायरवर देवदूताची आकृती कोरली होती. थोडा झिजला की तिचा सैतान व्हायचा. गिऱ्हाईक सैतान दाखवायला मुद्दाम परत यायचं.

जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली. त्याआधी भारतीय मानकाची खूणही सक्तीची झाली होतीच. एकशेनव्वदचा टायर मिळेना. माणसं पुन्हा, अण्णांच्या काळातल्यासारखी, "टायर आहे का?" एवढंच विचारू लागली. त्या ओढाताणीत इथल्या कंपन्यांनाही जागा दिसली. एमआरएफ, अपोलो, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप या सगळ्यांकडे आता मोठ्या गाड्यांसाठी रेडियल आहेत. मी दोन्ही ठेवते. पुढे एका घराण्याचा आणि मागे दुसऱ्याचा असं मात्र करू देत नाही, कारण टूररचे दोन्ही टायर एकमेकांच्या हिशेबाने घडवलेले असतात.

विकत घेताना मी गिऱ्हाइकाला खाली वाकायला लावते. आधी स्विंगआर्मवरचं किंवा चेनगार्डवरचं स्टिकर वाचायचं, गाडी बनवणाऱ्याने कोणतं माप लिहिलंय ते. मग टायरवर आकड्यांपुढे ७३ डब्ल्यू असं काहीतरी असतं. ७३ म्हणजे त्या टायरवर ३६५ किलो भार चालतो, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना पेट्या धरून हिशेब करायचा. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग, तो आपल्या रस्त्यांवर कुणाला लागू नये. शेवटी एका लंबगोलातले चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. तो मी स्वस्तात देते म्हटलं तरी घेऊ नका, दुसऱ्या मांडणीवरचा दाखवा म्हणून सांगा. आणि बसवल्यावर स्टिकरवर ४२ पौंड हवा लिहिली असेल तर बेचाळीसच. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सवयीने बत्तीस भरतो.